टाळं कुणी लावलं

४ जानेवारी २०२२, मंगळवार. रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. लेक झोपली होती. तिचं दप्तर दाराशी टेकवलेलं, डब्याची भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवलेली. निरोप एका ओळीचा होता: उद्या वर्ग भरणार नाहीत.

शिकागोच्या शिक्षक संघटनेनं त्या दिवशी मतदान घेतलं होतं. ओमायक्रॉनची लाट उतरेपर्यंत, नाहीतर शहराशी सुरक्षेचा करार होईपर्यंत आम्ही घरूनच शिकवू, असा ठराव. मत देणाऱ्यांपैकी ७३ टक्के त्याच्या बाजूनं. शहराच्या शाळा प्रशासनाचं उत्तरही तितकंच रोखठोक. घरून शिकवणं आम्हाला मंजूर नाही, तेव्हा उद्या शाळाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडून बसलेल्या कितीतरी शिक्षकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. आत जायची वाट बंद केली होती.

महापौर लोरी लाइटफूट म्हणत होत्या, हा बेकायदेशीर संप आहे. संघटना म्हणत होती, आम्ही कामाला तयार बसलोय, टाळं तुम्ही लावलंय. संप की लॉकआउट, यावर टीव्हीवर दिवसभर खडाजंगी. मला मात्र एक मराठी शब्द आठवून हसू आलं. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या वर्तमानपत्रांनी लॉकडाउनला ‘टाळेबंदी’ म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. पण तो काही साथीसाठी घडवलेला शब्द नव्हे. तो गिरणीच्या फाटकावरचा. मालकानं कामगारांना बाहेर ठेवून कुलूप घालायचं, ती टाळेबंदी. आता एकाच शाळेच्या एकाच दाराला दोन्ही टाळेबंद्या लटकत होत्या.

हसू फार टिकलं नाही. नऊ वाजता माझी मीटिंग होती.

त्या पाच दिवसांत मी काय काय बोलले ते आता लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मी लिहिलं, की दवाखान्यातली माणसं कामावर जातात, दुकानातली जातात, बसचे ड्रायव्हर जातात, मग शिक्षकांनाच काय झालंय? वीसेक अंगठे आले. त्या वेळी मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, वर बरा शर्ट आणि खाली पायजमा, मांडीवर शाल. मार्च २०२० पासून मी एक दिवसही ऑफिसला गेले नव्हते. कंपनीनं विचारलंही नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी तीस मुलांच्या खोलीत जाऊन उभं राहावं, असा आग्रह मी घरात बसून धरत होते, आणि तेव्हा त्यातली गंमत माझ्या लक्षातही आली नव्हती.

दोनच वर्षांपूर्वी मी याच संघटनेसाठी गाडीचा हॉर्न वाजवला होता.

ऑक्टोबर २०१९. लेक बालवर्गात, म्हणजे इथल्या किंडरगार्टनमध्ये. शाळा सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि १७ तारखेपासून संप. अकरा दिवस वर्ग बुडाले. पाच वर्षांत १६ टक्के पगारवाढ शहरानं आधीच देऊ केली होती, तरी शिक्षक रस्त्यावर आले. भांडण होतं ते वर्गातली मुलं किती असावीत यावर, आणि प्रत्येक शाळेत एक नर्स असावी यावर. मला ही मागणी तेव्हा जरा गमतीची वाटली होती. ज्या देशात येण्यासाठी आपण इतका आटापिटा करतो, तिथल्या तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या शाळाव्यवस्थेत, साडेतीन लाखांच्या आसपास मुलं असताना, नर्स आठवड्यातून एखाद-दोन दिवसच येते? संप मिटला तेव्हा दर शाळेला नर्स आणि समाजसेवक देण्याचं शहरानं कबूल केलं, तेही टप्प्याटप्प्यानं, काही वर्षांत. साडेचार महिन्यांनी कोविड आला.

शाळेच्या कोपऱ्यावर लाल टोप्या घातलेल्या शिक्षिका थंडीत फेऱ्या मारायच्या. येता-जाता मी हॉर्न दाबायची. त्या हात हलवायच्या. मागच्या सीटवरून लेकही हात हलवायची, कारण त्यात तिच्या बाई होत्या. आपण किती पुरोगामी, किती समजूतदार, असं तेव्हा मला वाटत असणार. पण ते सोपं होतं. नवऱ्यानं सुट्ट्या टाकल्या होत्या आणि अकरा दिवस निघून गेले.

आई आली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. चार महिने राहून मेअखेरीस परत जायचं ठरलं होतं. १७ मार्चपासून आमच्या इलिनॉय राज्यातल्या सगळ्या शाळा बंद झाल्या, त्याच आठवड्यात भारतानं परदेशी विमानं थांबवली. आई अडकली. वय सदुसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा. ती निवृत्त शिक्षिका. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तिची सगळी नोकरी झाली. त्यामुळे आमच्या घरात पुढचं दीड वर्ष एक वेगळीच गोष्ट चालायची. लेक पहिलीत गेली, तिचा वर्ग गूगल मीटवर भरायचा, आणि पडद्यात न दिसेल अशा बेतानं माझी आई शेजारी खुर्ची टाकून बसायची. इंग्रजी तिला बेताचंच. पण शिकवणं तिला कळायचं.

“ही बाई फार दमते,” तिसऱ्या दिवशी ती म्हणाली.

मला दिसत होती ती एक हसरी तरुणी, जी सव्वीस चौकोनांशी बोलत होती. आईला दिसत होतं, की बाई प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत तिच्या हाताला काम नसतं. “वर्गात असं होत नाही. एक पोरगं अडलं तर आपण दुसऱ्याच्या वहीवरून नजर फिरवतो, तिसऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. इथं हिला नुसतं बघत बसायचं.” एकदा बाईंचं तान्हं बाळ मागं रडायला लागलं. बाईंनी आवाज बंद केला, उठल्या, पडद्यावर रिकामी खुर्ची. सव्वीस मुलं त्या खुर्चीकडे शहाण्यासारखी बघत राहिली. आईनं पदराला हात पुसले आणि स्वयंपाकघरात गेली. ती का उठली हे मी विचारलं नाही.

शिक्षण होत नव्हतं, हे खरंच होतं. लेक वाचायला शिकत होती ती आजीच्या धाकानं. अकराच्या सुमारास ती टेबलाखाली जाऊन बसायची, आणि तिचा चौकोन म्हणजे आमच्या भिंतीचा एक तुकडा. आणि दोन रस्ते पलीकडची कॅथलिक शाळा सप्टेंबरपासून उघडी होती. त्या मुलांच्या मास्क लावलेल्या रांगा मी खिडकीतून बघायची. शिकागोच्या आर्चडायोसिसनं, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांतानं, आपल्या शाळा त्या शरदातच उघडल्या होत्या. डेन्मार्कनं तर एप्रिल २०२० मध्येच. युरोपातल्या मुलांना जमतं, फी भरणाऱ्या मुलांना जमतं, मग आमच्याच मुलांना का जमू नये? हा प्रश्न पालक विचारत होते तेव्हा त्यात लबाडी नव्हती.

डिसेंबरमध्ये संघटनेनं एक ट्वीट केलं, की शाळा उघडण्याचा रेटा लिंगभेदातून, वंशभेदातून आणि स्त्रीद्वेषातून आला आहे. नंतर ते काढून टाकलं. मी वाचलं तेव्हा कुकरची शिटी होत होती, मीटिंगचा इशारा वाजत होता आणि लेक टेबलाखाली होती. मी बाई, तपकिरी कातडीची, परक्या देशात. माझ्या रागाला कुणीतरी स्त्रीद्वेष म्हणालं, यानं मला जितकं चिडवलं तितकं शाळा बंद असण्यानंही चिडवलं नव्हतं.

तरीही जेव्हा शहरानं अर्ज पाठवला, मुलाला शाळेत पाठवणार की घरीच ठेवणार, तेव्हा मी ‘घरीच’वर खूण केली. घरात आई होती.

इथं मला थोडं थांबायचं आहे. कारण या भांडणाच्या बातम्या सगळीकडे ‘पालक विरुद्ध शिक्षक’ अशाच छापून आल्या, आणि मीही त्या तशाच वाचल्या. पण त्या अर्जांची बेरीज शहरानं जाहीर केली ती बघण्यासारखी होती. गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलं पाठवायला तयार. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आम्ही आशियाई, यांच्यात हेच प्रमाण सुमारे एक तृतीयांश. आणि शहराच्या शाळांत गोरी मुलं साधारण ११ टक्के. म्हणजे जे ‘पालक’ शाळा उघडा म्हणून टीव्हीवर दिसत होते, ते पालकांमधले थोडे. बाकीचे बोलत नव्हते. त्यांनी नुसती खूण करून अर्ज परत पाठवला होता. मी तर दोन्हींकडे होते. गटावर ‘उघडा’ म्हणणाऱ्यांत आणि अर्जावर ‘नको’ म्हणणाऱ्यांत.

गप्प राहिलेल्यांपैकी एकीशी माझी ओळख होती. शाळेसमोरच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई, पिवळं जाकीट, हातात लाल पाटी. साठीच्या असाव्यात, कृष्णवर्णीय. शाळा बंद असली तरी शाळेच्या दाराशी जेवणाची पाकिटं वाटली जायची, ती नातवंडांसाठी न्यायला त्या यायच्या. एकदा मी फिरायला निघाले असताना रांगेत भेटल्या. मी माझं पालुपद सुरू केलं, की शाळा उघडायलाच हव्यात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्या थोरल्या नातवाची शाळा या शहरानं २०१३ मध्ये बंद केली. कायमची. तेव्हा आम्ही रडलो, मोर्चे काढले, सभांमधून बोललो. मुलांचं नुकसान होईल म्हणून सांगितलं. तेव्हा शहराला काही वाटलं नाही. आता त्याच शहराला आमच्या मुलांचं नुकसान दिसायला लागलंय होय?”

२०१३ मध्ये शिकागोनं एका फटक्यात सुमारे पन्नास शाळा बंद केल्या होत्या, बहुतेक शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या, कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या. कारण दिलं होतं पटसंख्येचं. मी तेव्हा या देशात होते, पण या शहरात नव्हते, आणि असते तरी लक्ष दिलं असतं असं नाही. आपल्याकडेही कमी पटाच्या शाळा बंद करायचा विषय निघतो तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रात तो आतल्या पानावर असतो. त्या बाईंच्या घरात सात माणसं होती. मुलगा गोदामात रात्रपाळीला. त्यांना शाळेच्या हवेवर विश्वास नव्हता, कारण त्यांना शहरावरच विश्वास नव्हता. त्यात शिक्षक संघटना आली कुठून? उलट २०१३ मध्ये त्यांच्यासोबत मोर्चात कोण चाललं होतं, तर हीच लाल टोपीवाली माणसं.

आणि हवेबद्दल त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. लेकीच्या बालवर्गाच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्या वर्गात गेले होते तेव्हा उकाडा होता. खिडकी उघडायला गेले तर बाई हसल्या. वर्षानुवर्षं रंगावर रंग मारून खिडक्या चौकटीला चिकटून गेल्या होत्या. शहरातल्या कितीतरी शाळांच्या इमारती शंभरीच्या घरातल्या. बाहेरून पाहिल्यावर भव्य, विटांच्या, कमानींच्या. आत खिडकी उघडत नाही.

२०२१ च्या जानेवारीत हे सगळं उकळून वर आलं. शहर म्हणालं, या. संघटना म्हणाली, लस द्या, मग येतो. काही शिक्षक लॅपटॉप घेऊन शाळेच्या आवारात, उघड्यावर, थंडीत बसून शिकवायला लागले. आत जायचा आदेश मोडायचा, पण काम सोडायचं नाही, असा तो सत्याग्रह. आईला मी बातमीतलं चित्र दाखवलं. कानटोप्या घालून, बोटं फुंकत, गुडघ्यावर लॅपटॉप. तिनं बराच वेळ पाहिलं.

“यांच्याकडं विश्वासानं बघणारं कुणी नाही वाटतं,” एवढंच म्हणाली.

७ फेब्रुवारीला तडजोड झाली. योगायोग असा, की त्याच दिवशी कॅरन लुइस वारल्या. रसायनशास्त्राच्या शिक्षिका, संघटनेच्या माजी अध्यक्षा. २०१२ मध्ये पंचवीस वर्षांनंतरचा पहिला संप त्यांनी केला होता, शाळेचे सात दिवस चाललेला, आणि त्या संपात पालक मोठ्या संख्येनं शिक्षकांच्या बाजूनं होते. आता त्या गेल्या आणि तीच संघटना निम्म्या शहराला खलनायक वाटत होती. करारावर सभासदांनी मतदान केलं, साधारण दोन तृतीयांश बाजूनं. १ मार्चला पाचवीपर्यंतचे वर्ग उघडले, नंतर सहावी ते आठवी, आणि एप्रिलच्या मध्यात हायस्कुलं.

आमचं घर तरीही बंदच. लेकीच्या बाई आता वर्गात बसलेल्या आठ-नऊ मुलांना आणि पडद्यावरच्या बाकीच्यांना एकाच वेळी शिकवत होत्या. मास्कमधून. “दोन दगडांवर पाय,” आई म्हणायची. वर्गातल्या मुलांकडे वळल्या की आम्हाला त्यांची पाठ दिसायची आणि फळ्याचा एक कोपरा.

आईला एप्रिलमध्ये लस मिळाली. तेव्हा भारतात दुसरी लाट सुरू होती, म्हणून जाणं लांबलं. ऑक्टोबरमध्ये ती साताऱ्याला परतली. लेक दुसरीत, रोज शाळेत. सगळं रुळावर आलं असं वाटलं. म्हणूनच जानेवारी २०२२ ची ती रात्र इतकी लागली. देशातल्या बहुतेक शाळा उघड्या, आणि आमचंच शहर अडलेलं. आता माझ्याकडे सबबही नव्हती. घरात म्हातारं माणूस नाही, सगळ्यांना लस मिळालेली, माझी तिसरी मात्राही झालेली.

संघटनेचं म्हणणं असं, की सुट्टीवरून मुलं परत येताना आधी सगळ्यांची चाचणी करा. प्रशासनानं सुट्टीत चाचणीचे संच वाटले होते. नमुना घ्यायचा, पाकिटात घालायचा, ठरलेल्या कुरिअरच्या पेटीत टाकायचा. आम्हीही टाकला. म्हणजे टाकायचा प्रयत्न केला. पेटी भरून वाहत होती, पाकिटं वर रचलेली, काही खाली बर्फात पडलेली. मी आमचं पाकीट त्या ढिगावर अलगद ठेवलं, जसं देवळात गर्दी असली की लांबूनच फूल टाकतो तसं. त्या आठवड्यात नोंदल्या गेलेल्या ३५ हजारांवर चाचण्यांपैकी जवळजवळ २५ हजार बाद ठरल्या. आमच्या लेकीचा निकालही ‘अवैध’ असाच आला. आणखी एक वाद होता, ऐकायला क्षुल्लक पण खरा: शाळेतल्या नियमित चाचणीसाठी पालकांनी होकार दिला तरच चाचणी करायची, की नकार दिला नाही तर करायचीच? संघटनेला दुसरा मार्ग हवा होता. शहर पहिल्यावर अडून बसलेलं. एका होकार-नकाराच्या चौकटीवर तीन लाख मुलं घरी.

चौथ्या दिवशी रात्री मी साताऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळ. आणि तिकडेही तेच: त्याच आठवड्यात महाराष्ट्र सरकारनं शाळा पुन्हा बंद केल्या होत्या. पण तिथं ओरड उलटी होती. बंद सरकारनं केलेलं, आणि शिक्षकांमधलेच कित्येक म्हणत होते की शाळा उघडा, पोरं हातची चाललीत. पंधरा दिवसांत, २४ जानेवारीपासून, त्या पुन्हा उघडायलाही लागल्या. मी आईला म्हटलं, बघ, तुमच्याकडचे शिक्षक कसे, आणि इथले कसे.

आई काही बोलली नाही. मग म्हणाली, “आम्ही चोपन्न दिवस बंद ठेवली होती.”

मला माहीत होतं. म्हणजे शब्द माहीत होते. ‘चोपन्न दिवसांचा संप’ हे आमच्या घरात ‘बहात्तरचा दुष्काळ’सारखं नाव होतं. डिसेंबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८. सरकारी कर्मचारी, जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि शिक्षक, सगळे. मागणी केंद्राएवढ्या महागाई भत्त्याची. आई चोवीस वर्षांची, नोकरीला दोन वर्षं. तिनं दोन महिने उसनवारीवर काढले, गळ्यातलं डोरलं सावकाराकडे ठेवलं, हे सगळं मी शौर्यकथेसारखं ऐकत मोठी झाले. माझ्या निबंधातही ते एकदा आलं होतं.

“पालक काय म्हणायचे?” मी विचारलं. पन्नाशी जवळ आली तरी हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

“काय म्हणणार? काही बाया दाण्याचं पीठ द्यायच्या गुपचूप. एक म्हातारा रोज पारावरून ओरडायचा, फुकटा पगार खाणाऱ्या म्हणून. पगार तर मिळतच नव्हता.” ती हसली. मग म्हणाली, “सातवीत एक पोरगी होती. हुशार. शाळा बंद, पोरगी घरात रिकामी. संप मिटून आम्ही परत गेलो तोवर तिची सुपारी फुटली होती. माघात लग्न लागलं.”

“मला कधी बोलली नाहीस हे.”

“काय बोलायचं त्यात.”

“मग आता वाटतं का, करायला नको होता संप?”

“असं कसं? भत्ता मिळाला म्हणून तर तू शिकलीस.” फोनवर तिच्या मागं कुणीतरी गॅस सिलेंडरची घंटी वाजवत गेलं. “दोन्ही खरं आहे. तू सारखी एक काहीतरी सांग म्हणतेस.”

मी फोन ठेवला आणि गटावरचं माझं ते वाक्य शोधून काढलं, दवाखान्यातल्या आणि दुकानातल्या माणसांचं. पुसायची वेळ निघून गेली होती. अंगठे आता चाळीस झाले होते. ते वाक्य मी पुन्हा वाचलं तेव्हा त्यात लेक कुठंच नव्हती. तिचं गणित नव्हतं, वाचन नव्हतं, एकटेपणा नव्हता. मला आठ ते तीन मूल सांभाळणारं कुणीतरी हवं होतं, ही गोष्ट होती, आणि ती मागणी काही वाईट नव्हती. आई नसताना मी नोकरी कशी करायची, हा खराच प्रश्न होता. पण पाळणाघर हवंय म्हणायची लाज वाटते, म्हणून आपण शिक्षण म्हणतो. आणि तिकडे शिक्षकही भीती वाटते असं म्हणत नाहीत. तेही म्हणतात, मुलांसाठी. दोन्ही बाजूंच्या फलकांवर तीच मुलं, त्याच मोठ्या अक्षरांत.

नंतरचे आकडे सगळ्यांना माहीत झाले. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीचं गणित सरासरी ८ गुणांनी खाली, चौथीचं ५ गुणांनी. जिथं शाळा जास्त काळ बंद राहिल्या तिथं, आणि त्यातही गरीब वस्त्यांत, नुकसान अधिक, असं अभ्यासकांनी दाखवलं. लगेच उघडलेल्या टेक्सास-फ्लोरिडातही आठवीचं गणित घसरलं, आणि बराच काळ बंद राहिलेल्या लॉस एंजेलिसमध्ये आठवीचं वाचन चक्क सुधारलं. ज्याला जो आकडा हवा त्यानं तो उचलला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये शाळामंडळाच्या तीन सदस्यांना घरी पाठवलं. मला वाटलं, आता आमच्याकडे संघटनेचं काही खरं नाही. एप्रिल २०२३ मध्ये शिकागोनं महापौर निवडला तो ब्रँडन जॉन्सन, एकेकाळचा शिक्षक आणि याच संघटनेचा कार्यकर्ता. तेव्हा मला पिवळ्या जाकिटातल्या बाई आठवल्या. चौकात विचारलं असतं तर त्यांनी मला आधीच सांगितलं असतं.

पण ते पुढचं. ११ जानेवारीपर्यंत पाच दिवस वर्ग बुडाले. मग करार: शिक्षकांना चांगले मास्क, चाचण्या वाढवायच्या, आणि एखाद्या शाळेत तीस टक्के शिक्षक गैरहजर असतील किंवा चाळीस टक्के मुलं विलगीकरणात असतील तर तेवढी शाळा तात्पुरती पडद्यावर न्यायची. मत देणाऱ्या सभासदांपैकी ५६ टक्क्यांनीच तो स्वीकारला. कुणीच जिंकलं नव्हतं, हे त्या आकड्यातच दिसत होतं.

बुधवारी, १२ तारखेला, सकाळी मी लेकीला घेऊन गेले. दुसरीच्या बाई दाराशी उभ्या, पांढरा टोकदार मास्क, डोळ्यांखाली काळं. बुडालेल्या दिवसांचा पगार त्यांना मिळालेला नव्हता. मी घरून एक वाक्य ठरवून आणलं होतं, काहीसं क्षमेचं, काहीसं नाही. ते घशातच राहिलं. त्याच आधी बोलल्या.

“तिच्याकडे आणखी एखादा स्वेटर आहे का? आज खिडकी उघडी ठेवणार आहे.”

“खिडकी उघडते आता?”

“अर्धी,” बाई म्हणाल्या.

मी कोटाच्या आतली माझी शाल काढली. लेकीनं नाक मुरडलं, तिला ती म्हाताऱ्या माणसांची वाटते. तरी गुंडाळून घेतली आणि आत पळाली. चौकात पिवळं जाकीट दिसलं. पाटी वर झाली, गाड्या थांबल्या, मी रस्ता ओलांडला. घरी येऊन लॅपटॉप उघडला. मीटिंग सुरू झाली होती. कॅमेरा बंद ठेवून मी जाऊन बसले.